दोनशे किलोंचा ऑर्गन आणि दहा किलोंचा कीबोर्ड

दरवर्षी परीक्षा संपल्या की कोणी ना कोणी पालक मला गाठतात. "मुलीला कीबोर्ड घेऊन द्यायचा आहे, कोणता घेऊ?" हा पहिला प्रश्न. आणि निघता निघता, चपला पायात घालताना, दुसरा. "घरात आजोबांची पेटी पडून आहे. आता ती कोण वाजवणार? देऊन टाकावी म्हणतो."

गेली बावीस वर्षे मी कीबोर्ड वाजवून संसार चालवतो. नवरात्रात नऊ रात्री गरबा, लग्नसराईत स्वागत समारंभ आणि गणेशोत्सवात आपल्या मंडळांची भावगीते, नाट्यगीते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुकानदारही देऊ शकेल. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मात्र मला थोडे लांबून, थेट अमेरिकेतल्या शिकागो शहरापासून सुरुवात करावी लागते. विद्यार्थी मित्रांनी विज्ञानाचा तास समजून वाचावे आणि पालकांनी खरेदीआधीचा सल्ला समजून वाचावे.

एका चर्चमधली भेट

२०१४ साली गरब्याच्या कार्यक्रमांसाठी आमचा चमू अमेरिकेत न्यू जर्सीला गेला होता. वडोदऱ्याचे कलाकार नवरात्रापूर्वी असे दौरे करतात, हे आपल्याकडे नवीन नाही. एका गावी कार्यक्रमाच्या सभागृहाला लागूनच चर्च होते. दुपारी ध्वनिव्यवस्था लावून झाल्यावर मी सहज आत डोकावलो. एका कोपऱ्यात, कपाटासारखे भासणारे तपकिरी लाकडी वाद्य उभे होते. त्याला एकावर एक अशा स्वरपट्ट्यांच्या दोन रांगा, खाली पायाने वाजवायच्या पट्ट्या आणि शेजारी एक वेगळी लाकडी पेटी होती. हॅमंड बी-३ ऑर्गन! याचा आवाज मी माझ्या कीबोर्डवर बटण दाबून शेकडो वेळा काढला होता, पण मूळ वाद्य प्रथमच पाहत होतो.

तेथील वादक गृहस्थ मोठे दिलदार निघाले. त्यांनी मला बसायला सांगितले. मी दोन-चार ओळी वाजवल्या. ते हसले आणि स्वतः बाकावर बसून म्हणाले, "माझ्या हातांकडे पाहू नका, पायाकडे पाहा." त्यांचा उजवा पाय एका पट्टीवर अखंड हलत होता. त्या पायाबद्दल पुढे सांगणार आहे. आधी ते वाद्य आतून कसे चालते ते पाहू.

फिरणाऱ्या ९१ चकत्या

लॉरेन्स हॅमंड हा अभियंता मूळचा घड्याळे बनवणारा, स्वतः वादक नव्हे. विजेच्या प्रवाहाबरोबर अचूक गतीने फिरणारी मोटर त्याने घड्याळासाठी तयार केली होती. घड्याळाला लागते तीच अचूकता स्वरालाही लागते, आणि त्याच मोटरवर त्याने वाद्य उभे केले. १९३४ साली त्याला पेटंट मिळाले आणि १९३५ साली पहिला हॅमंड ऑर्गन बाजारात आला. सुरुवातीच्या ग्राहकांत मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड आणि संगीतकार जॉर्ज गर्श्विन होते.

या वाद्यात भाता नाही, तार नाही, पत्तीही नाही. आत पोलादाच्या लहान चकत्या आहेत. बी-३ मध्ये त्या ९१ असतात. प्रत्येक चकतीच्या कडेला ठरावीक संख्येने उंचवटे असतात आणि जवळच तारेचे वेटोळे गुंडाळलेला एक चुंबक असतो. चकती फिरली की एकेक उंचवटा चुंबकापुढून जातो आणि वेटोळ्यात विजेचा एकेक हेलकावा निर्माण होतो. सायकलचा डायनॅमो ज्या तत्त्वावर चालतो, तेच हे तत्त्व.

एक हिशेब करून पाहू. पेटीवर ज्याला आपण मधल्या सप्तकातली पांढरी सहा म्हणतो, त्या स्वराची कंपने सेकंदाला ४४० असतात. हॅमंडचा मुख्य दांडा सेकंदाला २० फेरे घेतो. त्यावरचे दातेरी चाक ८८ दात्यांचे आणि त्याला जोडलेले ६४ दात्यांचे. म्हणजे चकतीचे फेरे झाले २० गुणिले ८८ भागिले ६४, बरोबर साडेसत्तावीस. चकतीला उंचवटे १६. साडेसत्तावीस गुणिले १६ म्हणजे ४४०! सप्तकातल्या बारा स्वरांसाठी दात्यांच्या अशा बारा जोड्या आहेत. काही स्वरांचा हिशेब केसभर चुकतो, पण तो कानाला जाणवत नाही. आणि दाते झिजेपर्यंत वाद्य बेसूर होत नाही, सूर लावणाऱ्याला बोलवावे लागत नाही. वर्षातून एकदा चकत्यांच्या यंत्रणेला तेल घातले की झाले.

पण याच अचूकतेत एक गंमत दडलेली आहे. मोटरची गती विजेच्या आवर्तनांवर ठरते. अमेरिकेत घरगुती वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडे ५० आवर्तनांची. तिकडचा ऑर्गन इथे आणून, आवश्यक ते व्होल्टेज देऊन सुरू केला, तरी त्याची गती पाच-षष्ठांश होईल. ४४० चे ३६७ होतील. पांढरी सहा दाबली तर काळी तीन ऐकू येईल, तीही किंचित उतरलेली! त्यामुळे ५० आवर्तनांच्या देशांसाठी वेगळी जुळणी करावी लागते. मंडपात डिझेल जनित्रावर वाजवायचे म्हटले तर आणखी पंचाईत. हॅलोजनचे दिवे एकदम लागले, जनित्र क्षणभर दमले, की वाद्याचा सूरही उतरणार. गायकाने काय करायचे?

नऊ दांड्यांची करामत

चकतीतून निघणारा आवाज अगदी साधा, शिट्टीसारखा असतो. त्याला रंग देण्यासाठी स्वरपट्ट्यांच्या वर नऊ दांड्या असतात, त्यांना ड्रॉबार म्हणतात. दांडी जितकी ओढाल तितका तो घटक वाढतो. भाजीत मीठ, तिखट, गूळ आपण चवीप्रमाणे घालतो, तसेच.

संगीताच्या वर्गाला जाणाऱ्या मुलांना हे पटकन कळेल. समजा तुम्ही 'सा' ची पट्टी दाबली. दांड्यांच्या क्रमाने ऐकू येतील खर्जातला सा, मधला प, मूळ सा, तार सा, तार प, त्यावरचा सा, त्यावरचा ग, प आणि सर्वांत वरचा सा. म्हणजे एका पट्टीत नऊ स्वर. तंबोरा छान मिळाला की त्यातून न छेडलेला गांधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. हॅमंडच्या सातव्या दांडीतून तोच गांधार मुद्दाम मिसळलेला असतो. फरक एवढाच की तंबोऱ्याचा गांधार निसर्गाने मिळवलेला, तर हॅमंडचा पेटीसारखा समान अंतराच्या सप्तकातून उसना घेतलेला, म्हणून किंचित चढा.

प्रत्येक दांडीच्या बंद धरून नऊ जागा असतात. नऊ दांड्या, नऊ जागा. गणिताच्या वहीत मांडून पाहा, जुळण्यांची संख्या ३८ कोटींच्या पुढे जाते. आणि वादक गाणे चालू असतानाच एका हाताने दांड्या हलवून रंग बदलत असतो.

आवाज फिरवणारी पेटी

शेजारच्या लाकडी पेटीला लेस्ली म्हणतात. डॉन लेस्ली या अमेरिकन गृहस्थाला घरातल्या छोट्या खोलीत हॅमंडचा आवाज सपाट, निर्जीव वाटला. मोठ्या चर्चमध्ये आवाज भिंतींवरून आपटून चहूबाजूंनी येतो, तसे इथे काहीच नव्हते. मग त्याने लाउडस्पीकरच फिरता केला. वरच्या स्वरांसाठी फिरणारा कर्णा, खालच्या स्वरांसाठी फिरणारा ढोल. कर्ण्याला तोंडे दोन दिसतात, पण आवाज एकातूनच येतो, दुसरे केवळ तोल साधण्यासाठी असते.

रेल्वे फाटकापाशी उभे राहून गाडीची शिट्टी ऐकली असेल. गाडी जवळ येताना शिट्टी चढी वाटते, पुढे गेली की उतरते. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. कर्णा फिरताना दर फेऱ्यात एकदा तुमच्याकडे येतो आणि एकदा दूर जातो. त्यामुळे सूर थरथरतो, आवाज जवळ-दूर होतो आणि खोलीभर पसरतो. वेग दोन असतात, संथ म्हणजे मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे आणि जलद म्हणजे सुमारे चारशे. मजा आहे ती वेग बदलतानाच्या काही सेकंदांत. हलका कर्णा चटकन वेग घेतो, जड ढोल मागून रेंगाळत येतो. वादक नेमका कडव्याच्या शेवटी हा खटका दाबतो आणि सभागृह उचलून धरल्यासारखे वाटते.

हॅमंडला मात्र ही जोड पसंत नव्हती. लेस्लीने आपले यंत्र त्याच्यापुढे ठेवले तेव्हा त्याने ते नाकारले. वादकांनी दोघांची जोडी स्वतःच जमवली, आणि आज एकाशिवाय दुसऱ्याची कल्पना होत नाही.

ज्याला खोट म्हटले, तीच ओळख झाली

पट्टी दाबली की आत नऊ ठिकाणी तारा टेकतात आणि सुरुवातीला 'टक्' असा बारीक आवाज येतो. हॅमंडच्या अभियंत्यांच्या दृष्टीने हा दोष होता. शेजारच्या चकत्यांचा आवाजही थोडाथोडा झिरपून मूळ सुरात मिसळतो, तोही दोषच. चर्चमधल्या शांत प्रार्थनेला 'टक्' नको होती. पण जिमी स्मिथ यांच्यासारख्या जॅझ वादकांनी १९५० च्या दशकात जलद ताना वाजवायला घेतल्या, तेव्हा याच 'टक्'मुळे प्रत्येक स्वर सुटा आणि धारदार ऐकू येऊ लागला. तबल्याच्या किनारीवरचा आघात नसता तर बोल स्पष्ट झाले असते का? तसेच हे.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. हा ऑर्गन जन्माला आला तोच नक्कल म्हणून. चर्चमधला खरा ऑर्गन म्हणजे शेकडो-हजारो नळ्यांतून हवा सोडणारे इमारतीएवढे वाद्य. ते सर्वांना कुठून परवडणार? हॅमंडने जाहिरात केली की आमच्या वाद्यातून तसेच संगीत निघते. नळ्यांचे ऑर्गन बनवणारे संतापले. १९३६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या दाव्यांवर आक्षेप घेतला आणि प्रकरण सुनावणीला गेले. कंपनीने शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये एक परीक्षाच घेतली. तिथला सुमारे ७५,००० डॉलरचा नळ्यांचा ऑर्गन आणि सुमारे २,६०० डॉलरचा हॅमंड. वाद्ये दिसणार नाहीत, नुसते ऐकून ओळखायचे. तज्ज्ञ परीक्षकांचे जवळजवळ एकतृतीयांश अंदाज चुकले, तर विद्यार्थ्यांचे सुमारे निम्मे, म्हणजे छापा-काट्यासारखेच. शेवटी १९३८ साली निकाल लागला. मोठमोठे दावे मागे घ्या, पण 'ऑर्गन' हे नाव वापरायला हरकत नाही.

आज नळ्यांच्या ऑर्गनची नक्कल म्हणून कोणी हॅमंड ऐकत नाही. गरीब वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये, जॅझच्या क्लबांत, पुढे रॉक संगीतात वादकांनी त्याला स्वतःचा आवाज दिला. नक्कल म्हणून आलेले वाद्य अस्सल झाले. कारखान्यातून निघताना नाही, तर वाजवणाऱ्यांच्या हाती.

ओझे कोणी वाहायचे?

आता आमच्या धंद्याची गोष्ट. बी-३ चे वजन बाक आणि पायपट्ट्यांसह सुमारे १९० किलो. लेस्लीचे साठ किलोंहून अधिक. म्हणजे अडीचशे किलो झाले. चार हमाल, एक टेम्पो, आणि कार्यक्रम दुसऱ्या मजल्यावर असला तर देवाचे नाव! काही वादकांनी शव नेण्याची लांब गाडी विकत घेऊन तीत ऑर्गन वाहिला. काहींनी सुतार गाठून वाद्य आडवे कापून दोन तुकड्यांत नेले.

साहजिकच हलका पर्याय शोधण्याची धडपड त्या काळापासूनच सुरू झाली. १९६२ साली इंग्लंडमध्ये व्हॉक्स कॉन्टिनेन्टल आला. ट्रान्झिस्टरवर चालणारा, घडीच्या पायांचा, मोटारीत मावणारा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे रंगही उलटे. त्याचा आवाज हॅमंडसारखा मुळीच नव्हता, पातळ आणि टोकदार होता. पण 'अॅनिमल्स' आणि 'डोअर्स' या गायकवृंदांनी तोच आवाज लोकप्रिय केला. पुन्हा तेच घडले, नक्कल फसली आणि त्यातून नवे वाद्य जन्मले.

आपल्याकडचे उदाहरण तर सर्वांच्या कानात आहे. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली बीन ही पुंगी नव्हे. ती कल्याणजी यांनी क्लेव्हिओलिन या फ्रेंच बनावटीच्या छोट्या विद्युत वाद्यावर वाजवली आणि साथीला रवी यांची पेटी होती. आज खऱ्या गारुड्याची पुंगी ऐकून मुले म्हणतात, "ही नागिनसारखी नाही वाजत!"

बी-३ चे उत्पादन १९७० च्या दशकात थांबले. त्याच दशकाच्या अखेरीपासून कोर्गसारख्या जपानी कंपन्यांनी ड्रॉबार असलेले हलके वाद्य आणले. २००१ साली स्वीडनच्या नॉर्ड कंपनीचा लाल रंगाचा इलेक्ट्रो आला. हॅमंडचे नाव पुढे जपानच्या सुझुकी कंपनीकडे गेले आणि तिनेही सात किलोंपासून सोळा किलोंपर्यंतची वाद्ये काढली. अडीचशे किलोंवरून दहा किलोंवर! माझ्या कमरेला विचाराल तर ही विसाव्या शतकातली सर्वांत मोठी प्रगती आहे.

नक्कल किती जमली?

साधा कीबोर्ड आणि हे खास वाद्य यांत मूळ फरक आहे. साध्या कीबोर्डमध्ये खऱ्या वाद्याचे स्वर ध्वनिमुद्रित करून ठेवलेले असतात. पट्टी दाबली की ते मुद्रण पहिल्यापासून वाजते. प्रत्येक वेळी तेच, तसेच. खऱ्या हॅमंडमध्ये चकत्या आधीपासून फिरतच असतात. पट्टी दाबल्याने स्वर जन्मत नाही, चाललेल्या प्रवाहाचे दार फक्त उघडते. त्यामुळे दोन वेळा दाबलेला एकच स्वर तंतोतंत सारखा निघत नाही. हे साधण्यासाठी खास वाद्यांतला संगणक मुद्रण वाजवत नाही. तो ९१ चकत्या सतत फिरत असल्याचा हिशेब करत राहतो, 'टक्'चा आणि झिरपणाऱ्या आवाजाचाही. ज्या दोषांना अभियंत्यांनी नावे ठेवली, ते पुन्हा निर्माण करायला पुढच्या अभियंत्यांनी वर्षे खर्ची घातली!

वादक म्हणून तुलना विचाराल तर माझा अनुभव असा.

आवाज. चकत्यांचा आवाज आता इतका जमला आहे की डोळे मिटून फरक सांगणे अवघड. लेस्लीची नक्कल मात्र जास्त कठीण. खरी लेस्ली खोलीच्या चारही भिंतींवर आवाज फेकते, तर नक्कल दोन स्पीकरांतूनच येते. अर्थात गरब्याच्या मैदानावर खरी लेस्ली नेली तरी तिच्यापुढे मायक्रोफोनच ठेवावे लागणार. मग हजारो श्रोत्यांना काय फरक कळणार? फरक कळतो तो शेजारी बसलेल्या वादकाला.

स्पर्श. ऑर्गनची पट्टी जोरात मारा की हळू, आवाज तेवढाच. पट्टी थोडी दबली की स्वर लागतो आणि तिच्या कडा पुढून सपाट, गोलसर असतात, म्हणून तळवा सपकन फिरवता येतो. साध्या कीबोर्डच्या पट्टीला पुढे ओठ असतो. त्यावर तळवा फिरवलात तर रात्री हळद लावावी लागेल.

वीज. नव्या वाद्याला जनित्राची आवर्तने बाधत नाहीत, सूर पक्का राहतो. पण वीज गेली की दोघेही गप्प.

दुरुस्ती. इथे जुने वाद्य जिंकते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे हॅमंड आजही चालू आहेत, कारण त्यांचे भाग डोळ्यांना दिसतात, हातांनी बदलता येतात. माझ्या पहिल्या कीबोर्डचा एक मुख्य भाग नवव्या वर्षी जळला. तो भाग बनणे बंद झाले होते. पूर्ण वाद्य भंगारात गेले, तेही नवरात्राच्या तिसऱ्या रात्री. उरलेल्या सहा रात्री मी उसन्या वाद्यावर काढल्या.

पायाचे रहस्य

आता त्या हलणाऱ्या पायाकडे येऊ. तो पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीवर होता. बोटांच्या जोराने ऑर्गनचा आवाज बदलत नाही, म्हणून सगळा भाव पायातून येतो. ओळ उठताना पाय दाबायचा, सोडताना सैल करायचा. मी कीबोर्डवर वर्षानुवर्षे तो आवाज काढत होतो, पण पाय जमिनीवर ठेवून.

आणि मला एकदम जुनी गोष्ट आठवली. दौऱ्याच्या आधी काही वर्षे गणेशोत्सवात नाट्यगीतांचा कार्यक्रम होता. मी कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावून साथ केली. पहिल्या रांगेत एक वयोवृद्ध पेटीवादक बसले होते. तरुणपणी त्यांनी नाटकांना पायाच्या ऑर्गनवर साथ केलेली. कार्यक्रमानंतर मी नमस्कार केला, तर म्हणाले, "आवाज बरोबर आहे रे बाळा. पण तो श्वास घेत नाही." मला वाटले, म्हाताऱ्या माणसांना नवे काही आवडत नाही. न्यू जर्सीच्या त्या बाकापाशी उभा राहून मला त्यांचे म्हणणे कळले.

संगीत नाटकाचा ऑर्गन म्हणजे पायाने भाता चालवायचा, पत्त्यांचा ऑर्गन. दोन्ही पाय आळीपाळीने भाता चालवतात आणि गायकाचा स्वर जसा फुलतो तसा पायांचा दाब बदलतो. आपल्या हाताच्या पेटीतही तेच. उजवा हात स्वर वाजवतो, डावा हात भात्यातून त्याला श्वास देतो. पट्टी जोरात मारून उपयोग नसतो. स्वर पट्टी दाबून धरली तोवरच टिकतो, म्हणून एका बोटावरून दुसऱ्या बोटावर सरकताना मध्ये फट पडू द्यायची नसते. हॅमंडवाल्याला लागतात त्याच या सगळ्या सवयी! पियानो शिकून आलेल्याला त्या नव्याने शिकाव्या लागतात, तर पेटीवाल्याच्या अंगात त्या आधीच असतात.

आणि पेटी तरी कुठली? तीही परदेशी. हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबें याने घेतले, ते पायाने भाता चालवायचे, टेबलाएवढे वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची, जमिनीवर बसून वाजवण्याजोगी पेटी घडवली. म्हणजे आजोबांची पेटी हाच मुळात एका जड वाद्याला काढलेला हलका पर्याय! तिलाही नावे ठेवली गेली. तिच्यात मींड निघत नाही, तिच्या श्रुती आपल्या रागांना जुळत नाहीत, हे आक्षेप खोटे नव्हते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ मध्ये शिथिल झाली. पण बंदीच्या तीस वर्षांतही नाटकाच्या, कीर्तनाच्या आणि भजनाच्या बैठकीतून पेटी हलली नाही. 'मानापमान'ला १९११ साली चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. अशा हातांनी या परक्या वाद्याला मराठी बोलायला शिकवले.

तर मग काय घ्यावे?

पालकांनो, आता तुमच्या प्रश्नांची उत्तरे.

मुलांना कीबोर्ड जरूर घेऊन द्या. सुरुवातीला साधाच घ्या, पण ६१ पट्ट्यांचा, पूर्ण आकाराच्या पट्ट्यांचा आणि मागे पायपट्टी जोडायची सोय असलेला. तीनशे-चारशे आवाजांच्या मोहात पडू नका, मुले वर्षभरात त्यातले चारच वापरतात. पुढे मुलगा किंवा मुलगी ऑर्गनच्या आवाजात रमली, तर ड्रॉबार असलेले हलके वाद्य पाहा. जुना हॅमंड कोणी स्वस्तात देऊ केला तर आधी तो किती आवर्तनांच्या विजेचा आहे ते विचारा आणि मग घराचा जिना मोजा.

आणि त्याच दिवशी आवाजाची पायपट्टीही घ्या. मी न्यू जर्सीहून परतताना आणली. पुढच्या गणेशोत्सवात तेच नाट्यगीत पुन्हा वाजवले. ते आजोबा त्या वेळी हयात नव्हते. गायिका मात्र मध्यंतरात म्हणाली, "आज वाद्य बदललेत का?" वाद्य तेच होते.

पेटीचे म्हणाल तर ती देऊ नका. तिचा भाता फाटला असेल तर कातडी बदलता येते, पत्ती बसली असेल तर घासून सुरात आणता येते. तिला वीज लागत नाही. मुलांना पहिले वर्ष-दोन वर्षे तिच्यावरच बसवा. कीबोर्ड त्यांना आवाज देईल, श्वास कसा द्यायचा हे पेटीच शिकवेल. पुढे ती मुले सात किलोंच्या वाद्यावर बसोत की दोनशे किलोंच्या, ते शिक्षण बोटांत आणि पायांत राहते. त्याचे ओझेही होत नाही.

गेल्या नवरात्रात एका रात्री मैदानावरचे जनित्र बंद पडले. दहा-बारा मिनिटे अंधार होता. माझा महागडा कीबोर्ड मुका झाला. ढोलवाल्याने ठेका धरला आणि मी मांडीजवळ ठेवलेली जुनी पेटी उघडली. ती मी दर रात्री बरोबर नेतो. मैदानाच्या पार टोकाला ती ऐकू गेली नाही, पण मंचाभोवतालची पाच-पन्नास माणसे तिच्यावर गात राहिली. दिवे आले, तेव्हा गरबा थांबलेला नव्हता.